सवतीचा टाक

दिवसभर टोमॅटोची कॅरेटं उचलून झुंबरबाई डिंगोरे गावातल्या आपल्या घरी आली, तेव्हा तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. त्यात गळ्यातला दोराही तुटलेला. दोऱ्यातला सवतीचा, साळुबाईचा, चांदीचा टाक तिनं पदराच्या गाठीत बांधून आणला होता. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, सणाला नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. साळुबाईला हिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण अठरा वर्षं गळ्यात वागवली. जिवंत सवत परवडली, ती निदान पाणी तरी भरते.

ओट्यावर साळुबाईची लेक तेजस्विनी पुण्याच्या वसतिगृहाचा इंग्रजी फॉर्म भरत बसली होती. ती चार वर्षांची होती तेव्हा झुंबरबाई या घरात आली. पोरीचा गोवर, शाळा, गेल्या साली बाप गेल्यावर कॉलेज, सगळं हिनंच ओढलं. एवढं करून पोरगी हाक मारायची ती 'मावशी'. 'आई' या एका शब्दासाठी झुंबरबाई झुरली, पण मागून घेतलेली हाक ती काय हाक, म्हणून तिनं तोंडानं कधी मागितली नाही. आणि उद्या पोरगी निघणार होती.

"नात्याच्या रकान्यात काय लिव्हलंस?" तिनं विचारलं.

"स्टेपमदर. सावत्र आई." तेजस्विनीनं मान वर केली नाही.

 झुंबरबाई भिंतीला टेकून खाली बसली. "ऱ्हाऊ दे बाई. खोटं थोडंच हाय."

"ऐक तर. मी डिक्शनरीत बघितलं. आपल्या 'सावत्र'मधी सवत हाय. इंग्रजीतला 'स्टेप' वेगळाच, हजार वर्षं जुना. ज्याचं माणूस गेलंय, त्याच्यासाठी व्हता तो. आधी पोरक्या लेकरालाच तसं म्हणायचे. मग त्याला सांभाळाया आली, ती पोरक्याची आई." तिनं पेन उचललं. "आन् मी अठरा वर्षं मावशी म्हणत राह्यले. खोडते हे. नुसतं आई लिव्हते."

झुंबरबाईनं तिचा हात धरला. हवं होतं ते आपल्या पायांनी दारात आलं होतं, आणि तिला आनंदाआधी थकवाच जाणवला. डोक्यावरचा भारा उतरल्यावर मान जास्त दुखते, तसा.

"नगं खोडू. त्या शब्दात तुजी गेलेली आईबी हाय. खोडलं तर तिला दुसरी जागा कुठं?"

"तुला चालंल?"

"इतकी वर्सं गळ्यात वागवलीया तिला. कागदावर जड व्हईल व्हय?"

झुंबरबाईनं पदराची गाठ सोडून टाक पुढं केला. तेजस्विनी उठली. देव्हाऱ्यातला काळा दोरा घेऊन तिनं त्यात टाक ओवला.

"मान खाली कर, आये."

झुंबरबाईनं मान खाली केली. गाठ बसली तरी तिनं मान वर केली नाही.