गीताबाईंची पंचवीस ताटं

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी वंदना ताटं पुसत नव्हती, वाचत होती.

दुसरबीडच्या आमच्या गल्लीत दोन वर्षं फिरून तिनं शंभर ताटं जमवली होती. कार्य कोणतंही असो, थर्माकोल आणू नका, ही न्या, धुऊन परत द्या. तिच्या वावरात पपईखाली हळद, हळदीशेजारी तूर अन् तुरीवर दोडका चढलेला. भाजीचं देठ फेकायचं तरी गल्लीनं आधी तिला विचारायचं. लोक तिला 'कचऱ्याची कलेक्टर' म्हणत. ताटं मात्र सगळ्यांनी दिली. ताटावर नाव कोरायचं म्हटलं की आमच्या गावाचा हात सैल होतो.

तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ भगवानराव यांनी एकट्यानं पंचवीस दिली. प्रत्येकाच्या काठावर कोरलेलं : 'कै. गीताबाई यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र भगवानराव.' आईपेक्षा सुपुत्राची अक्षरं मोठी.

आज त्यांच्याच लेकीचं, अर्पिताचं साक्षगंध. एवढं मोठं कार्य या ताटांवर पहिल्यांदाच होत होतं. भगवानरावांनी होकार दिला होता, पण कोठीत थर्माकोलचे चार गठ्ठे आणून ठेवल्यावरच.

"पाव्हणे नाराज झाले तं तुहे ताटं माळ्यावर, वंदना. कायमचे."

अन् भगवानरावांनी टाकलेली गोष्ट गावात दुसरं कोणी उचलत नाही.

वाचता वाचता ती मोजत गेली. शंभरातली चाळीस ताटं कैलासवासींची निघाली. शुभकार्यात पाव्हण्यापुढं मेलेल्या माणसाचं नाव!

"हे मले आधी काऊन नाही सुचलं?" तिनं नवऱ्याला, हरिओमला, विचारलं.

"तुले ताटं दिसले, नावं कुठी दिसले!"

तिनं चाळीस बाजूला काढली. उरली साठ. जळगाव जामोदहून माणसंही साठच येणार होती. हिशोब तंतोतंत जमला, म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बारा वाजेपर्यंत ती चार वेळा रस्त्यावर जाऊन आली.

एक बस आली. मागून दोन जीपा. वंदनानं उतरणारी डोकी मोजली : त्र्याऐंशी.

वरपक्षाची पंगत फोडता येत नाही. ज्यांना थांबवलं ते वर्षभर रुसतात. तिनं गीताबाईंची तेवीस ताटं काढून पार शेवटच्या टोकाला मांडली, लेकरंबाळं बसतील तिथं. अन् नवरदेवाचे मामा प्रेमानंद हात धुऊन सगळ्यांत शेवटी आले. बसले नेमके त्या टोकाला.

मामांनी काठ वाचला. मोठ्यानं.

"कै. गीताबाई... हे काय हो? साक्षगंधाले मयताचे भांडे?"

बट्टी वाढणारे हात थांबले. भगवानराव धावत आले.

"वंदना, काढ ते गठ्ठे!"

ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "काढतो, भाऊजी. पण हे ताटं काय सांगून उचलू? अपशकुनी हायेत म्हणून?"

भगवानरावांनी ताटाकडं पाहिलं. आईचं नाव, अन् खाली मोठ्या अक्षरात स्वतःचं. भिंतीला टेकून सगळी भाऊकी बघत होती. काही बायांनी तर पदर तोंडाला लावला होता.

ते मामांशेजारी फतकल मारून बसले.

"मामासाहेब, हे माही माय. तुमाले चालत नसन तं हे ताट मले द्या. तुमाले दुसरं वंदना आणते."

त्यांनी ताट ओढून घेतलं, बट्टी कुस्करली, वर वरण घेतलं अन् घास तोंडात टाकला.

वंदना दुसरं ताट घेऊन आली. मामांनी तेही वाचलं.

"हे बी गीताबाईचंच?"

"हाव. उरलेत ते सगळेच वर गेलेल्यायचे हायेत."

मामांनी रांगेकडं पाहिलं. त्यांचीच माणसं दुसऱ्या बट्टीला हात घालत होती. वांग्याचा वास आला. सकाळी सहाला निघालेला माणूस किती वेळ सोवळा राहणार?

"वाढा मंग. तूप जरा जास्त वाढा."

त्यानंतर भगवानराव रांगेतून फिरायला लागले. वरपक्षातला एक तरुण अर्धी बट्टी टाकून उठत होता.

"माह्या मायच्या ताटात टाकून उठतं का बाप्पा?"

तो पुन्हा खाली बसला. बाकीचेही मग सांभाळून वाढून घ्यायला लागले. कोठीची कडी भगवानरावांनी स्वतःच लावून टाकली.

वंदना तेव्हाही बसली नाही. ताटं धुऊन झाली, दुसरी पंगत आमच्या गल्लीची होती. अन् आता कोणीच मांडलेल्या जागेवर बसायला तयार नव्हतं. जो तो वाकून काठ वाचत, आपल्या घरच्या म्हाताऱ्याचं ताट शोधत फिरत होता, अन् ती वरणाची बादली घेऊन ओरडत होती, "बसा ना हो, थंडं होऊन राह्यलं!"