दाई घोडी

अक्काच्या घोडीचं नाव काकू. ते अक्काच्या वडिलांनी ठेवलं होतं. रुंद पाठ, जाड मान, खुरांवर लोंबणारी केसांची झालर, आणि कुणी कितीही घाई केली तरी आपल्याच चालीनं चालायचं, असा तिचा एकूण थाट. ओझं ओढणाऱ्या जातीची ती. ट्रॅक्टर जिथे पोहोचत नाही अशा उतारांवरून तोडलेले ओंडके रस्त्यापर्यंत आणायचे, हे तिचं काम. मागून लगाम धरून चालायचं, हे अक्काचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. भावानं पन्नाशी ओलांडली होती, टक्कलही पडलं होतं, पण घरात तो अजून बाळच होता. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. का झाली नाहीत, हे विचारणारी माणसं एकेक करून संपली होती.

चौदाव्या वर्षी काकू गाभण राहिली. या वयात पहिलंच बाळंतपण, म्हणून बाळनं शेवटचे पंधरा दिवस तबेल्यातच अंथरूण टाकलं. पहाटे कळा सुरू झाल्या तेव्हा त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. "इथलं आटपलं की निघतेच," असं त्या म्हणाल्या. शिंगरू सहा वाजता बाहेर आलं. चांगलं मोठं, हाडापेरानं मजबूत, आईसारखंच तांबूस. पण श्वास घेईना. बाळनं त्याच्या नाकपुड्या साफ केल्या, नाकात तोंडानं फुंकर घातली, गोणपाटानं अंग चोळचोळ चोळलं. अर्ध्या तासानं अक्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बास, बाळ."

काकू मात्र शिंगराला चाटत राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. तरुण होत्या, दोन वर्षांपूर्वीच या भागात आल्या होत्या. त्यांच्या कोपरापर्यंत वाळलेलं रक्त होतं आणि ते काकूचं नव्हतं. त्यांनी काकूला तपासलं, वार पूर्ण पडली आहे याची खात्री केली आणि मग तिथेच उलट्या बादलीवर बसल्या.

"नदीपलीकडच्या पागेत होते," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या घोड्यांच्या. त्यांची घोडी व्यायली आणि रक्त थांबेना. साडेआठला गेली."

"म्हणजे तुम्ही तिकडे होता," बाळ म्हणाला, "म्हणून आमचं…"

"त्यांचा फोन आधी आला होता."

  कुणाचा फोन आधी आला एवढाच फरक, आणि त्यात खोट काढता येत नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालूनच पुढचं सांगितलं. पागेतलं शिंगरू जिवंत होतं. पहिला चीक पोटात गेला नाही तर तेही जाणार. आणि चीक कसाबसा बाटलीनं पाजला तरी पुढचे पाच महिने त्याला आई हवी. दाई म्हणून ओढकामाची घोडी सगळ्यात चांगली. दूध भरपूर, स्वभाव थंड.

बाळ ताडकन उठला. "तिचं पोर अजून गार झालं नाही, आणि तुम्ही…"

"कधीपासून उपाशी आहे ते?" अक्कानं विचारलं.

"पाचपासून."

"आणा त्याला."

"अक्का!"

"काकूचे सड तटतटलेत, बाळ. ते दूध आपण काय जमिनीवर सांडणार आहोत?"

मग डॉक्टरीणबाईंनी उरलेली गोष्ट सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज फार हळू झाला. घोडी पोर वासावरून ओळखते. परकं शिंगरू ती लाथेनं उडवील. मेलेल्या शिंगराचं कातडं काढून त्याच्या पाठीवर बांधलं, तर कदाचित जवळ घेईल. "ते मी करीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघू नका."

 बाळनं भिंतीवरची सुरी काढली, पट्ट्यावर घासली आणि शिंगराला उचलून मागच्या पडवीत नेलं. "दुसऱ्या कुणाचा हात नको त्याला," एवढंच म्हणाला.

तासाभरात पागेची गाडी आली. घोंगडीत गुंडाळलेलं काळंभोर शिंगरू, नुसते काठीसारखे पाय आणि वर डोळे. पागेचे व्यवस्थापकही सोबत होते. चकचकीत बूट घातलेले, रात्रभराच्या जागरणानं चेहरा उतरलेला. त्यांनी अक्काला शिंगराचा बाप कोण, आजा कोण, कुणी कुठली शर्यत मारली, हे सांगायला सुरुवात केली.

"साहेब, आत्ता त्याला भूक लागलीय," अक्का म्हणाली. "बाकीचं नंतर ऐकेन."

बाळनं तांबूस कातडं काळ्या पाठीवर सुतळीनं बांधलं. व्यवस्थापकांनी तोंड फिरवलं. अक्कानं काकूचं डोकं धरलं आणि डॉक्टरीणबाईंनी शिंगराला तिच्या कुशीकडे ढकललं. काकूचे कान मागे पडले. तिनं मागचा पाय उचलला. एवढा जड पाय, एकदा बसला असता तर सगळंच संपलं असतं. तो तसाच अधांतरी राहिला. तिनं मान वळवून त्या कातड्याचा वास घेतला, एकदा, पुन्हा एकदा. मग तिच्या गळ्यातून एक खोल, थरथरता हुंकार आला आणि पाय हळूच खाली टेकला. शिंगरू धडपडत सडाला लागलं.

अक्का हात धुवायला विहिरीकडे गेली. हात धुवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती तिथे होती.

चौथ्या दिवशी कातडं सोडलं, तोवर काकूला त्याची गरज उरली नव्हती. शिंगराचं नाव काळू पडलं. सगळा उन्हाळा तो तिच्या मागेपुढे वाढला. काकू मैदानात खांबासारखी उभी राहायची आणि तो तिच्याभोवती वाऱ्यासारखा फेऱ्या मारायचा. ज्या बाळनं आधी नको म्हटलं होतं, तो आता ब्रश घेऊन तासन्‌तास त्याला चोळत बसे आणि वडिलांनी शिकवलेलं त्याला शिकवी.

"हे बघ काळू, जात म्हणजे माणसाला तुझ्याकडून काय पाहिजे ते. रुंद छाती पाहिजे, म्हणून काकू. खाणीच्या बोगद्यात मावावा म्हणून बुटका केला. वाळवंटात दोन घोट पाण्यावर दिवस काढावा म्हणून चिवट केला. गाडीला ऐटीत पाय उचलणारा वेगळा. आणि तू? दोन मिनिटं पळावंस म्हणून. दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप!"

अक्का हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची. भाऊ इतकं बोलतो, हे तिला या वयात कळत होतं.

पाच महिन्यांनी काळूला दुधावरून तोडायची वेळ आली. व्यवस्थापक त्याला न्यायला आले, आणि ते रिकाम्या हातानं आले नव्हते. त्यांनी एक प्रस्ताव मांडला. पागेत दरवर्षी दोनतीन शिंगरं पोरकी होतात, काही घोड्या पिल्लाला जवळच करत नाहीत. काकू कायमची तिकडेच राहू दे. उतार नाही, ओझं नाही, हिरवं कुरण आणि फक्त दूध पाजायचं.

बाळचा चेहरा उजळला. काकू आणि काळू, दोघंही एकाच ठिकाणी!

"दूध यायला आधी व्यावं लागतं," अक्का म्हणाली.

"हो तर. दरवर्षी फळवू तिला."

"आणि तिचं पोर?"

व्यवस्थापक अडखळले. माणूस वाईट नव्हता, खोटं बोलला नाही. "बाटलीवर काही जगतात. काही नाही. ओढकामाच्या शिंगराला आता कोण विचारतं?"

"मग तिथेच घोडं पेंड खातं, साहेब. नाही जमायचं."

गाडी काळूला घेऊन गेली. काकू कुंपणापाशी उभी राहून तीन दिवस खिंकाळत होती, तिसऱ्या दिवशी तर आवाजच फाटला. अक्कानं तिचा खुराक कमी केला, दर दोन तासांनी कास चाचपली, पण पिळली नाही. पिळलं की आणखी उतरतं.

"त्या दिवशी तूच हो म्हणालीस," बाळ म्हणाला. "मी नको म्हणत होतो. आता तिला सुख मिळत होतं तर तू आडवी आलीस."

"त्या दिवशी तिचं मेलेलं होतं, बाळ. जिवंत काढून घ्यायचं नव्हतं."

"आणि उतारावर पाय घसरून मेली म्हणजे?"

अक्का काकूची कास चाचपायला निघून गेली. आठवड्यानं बाळनं सांगितलं, पागेत माणूस पाहिजे आहे, मी जातो. तिनं त्याचे लोकरीचे बनियन आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

अक्का एकटीनं काम करू लागली. लहान ओंडके घ्यायची, ओल्या उतारावर जायची नाही. काकू पुन्हा गाभण राहिली नाही. काळू तिसऱ्या वर्षी शर्यतीत उतरला, दोनदा तिसरा आला आणि कुठे दूर विकला गेला, हे बाळनं फोनवर सांगितलं. काळू गेला तरी बाळ तिकडेच राहिला, आणि का, हे अक्कानं विचारलं नाही.

चौथ्या हिवाळ्यात एका दुपारी काकू मैदानात आडवी झाली आणि उठली नाही. बाळ पहिल्या गाडीनं आला. दोघांनी कुदळी घेतल्या. जमीन कडक होती, आणि एवढ्या घोडीला खड्डाही तेवढाच लागतो.

"तिकडे आता दाई घोडी आहे का?" अक्कानं खणताखणता विचारलं.

"आहे. ठिपक्यांची. चांगली आहे बिचारी."

"आणि तिचं?"

बाळनं कुदळ थांबवली नाही. "मी पाजतो. बाटलीनं. व्यवस्थापकांना सांगूनच ठेवलंय, माझ्या खोलीमागची शेड मला द्या. दर दोन तासांनी लागतं."

"जगतात?"

"आजवरची दोन जगली. एक नाही जगलं."

अक्कानं डोक्याचा रुमाल सोडून कपाळ पुसलं आणि पुन्हा घट्ट बांधला. मग ती खड्ड्यात उतरली, कारण कडेवरून आता कुदळ पोहोचत नव्हती, आणि बाळ वरून माती ओढू लागला.