नकार नावाचं टेबल

वडील गेल्यापासून नवागामच्या घरात हेमराजचा शब्द शेवटचा असे. हजीऱ्याला एका कारखान्यात तो कॉन्ट्रॅक्टवर होता. धाकट्या बहिणीला, हर्षदाला, त्यानेच दिंडोलीच्या संदीप सरांकडे वेबसाइट बनवण्याच्या क्लासला घातलं. पोरीच्या जातीला हे कशाला, म्हणून आई धुरपदाबाई कुरकुरली, तेव्हा तिला गप्पही त्यानेच केलं. माझ्यासारखा भाऊ कुणाला नाही, असं हर्षदा मैत्रिणींना सांगत फिरायची.

क्लासमध्ये ती सरावासाठी एका मेडिकल स्टोअरची वेबसाइट बनवत होती. डेटाबेसमध्ये तिने माहितीची दोन टेबलं केली होती, एक औषधांचं आणि एक गिऱ्हाइकांचं. ती नीट झाली का बघायला तिने सगळी टेबलं दाखवण्याची आज्ञा दिली, तर पडदा भरून नावं आली. इंग्रजी अक्षरांतली मराठी नावं: मुली, मुलगे, भेटी, नकार.

समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट संदीप सरच सांभाळत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आळसापोटी त्यांनी विद्यार्थ्यांनाही तोच पासवर्ड देऊन ठेवला होता, हे मात्र आता कळलं. ओळखीतलं कुणी दिसतंय का, या कुतूहलाने तिने मुलींचं टेबल उघडलं. त्यात ती स्वतःच होती. फोटो मामेबहिणीच्या हळदीतला. शिक्षणापुढे बारावी आणि कॉम्प्युटर कोर्स. लग्नानंतर नोकरी करणार का, यापुढे ‘नाही’. माहिती भरणारा हेमराज.

मग तिने ‘नकार’ उघडलं. तिच्या नावापुढे तीन घरांचे शेरे होते. एकाने लिहिलं होतं, मुलगी फार बोलते. दुसऱ्याने, घर भाड्याचं. तिसरा शेरा दोनच शब्दांचा होता: चष्मा आहे.

हा शेरा कुणाचा ते तिला लगेच उमजलं. दिवाळीनंतर हेमराजच्या सुपरवायझरची बायको म्हणून एक बाई घरी आल्या होत्या. औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचता येत नाही, जरा वाचून दे ग, म्हणाल्या. आणि हर्षदा आत जाऊन मुद्दाम चष्मा घेऊन आली होती.

संध्याकाळी तिने त्या नोंदीबद्दल विचारलं तेव्हा हेमराज जेवत होता. त्याने ताटावरून मान वर केली नाही.

“बायोडेटात कॉम्प्युटर लिहिता यावं म्हणून तर घातलं तुला. तुला काय वाटलं?”

तिने आईकडे पाहिलं. आधी का सांगितलं नाही, ते धुरपदाबाईने भाकरी थापत सांगितलं, “तुले सांगतू ते तू त्यास्ले चहा तरी देती का?”

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये हर्षदाने स्वतःच्या नावापुढचा ‘नाही’ पुसून ‘हो’ केला. बाकी कशाला हात लावला नाही. मग सरांना बाजूला बोलावून सांगितलं, की समाजातल्या सगळ्या मुलींचे फोटो आणि फोन नंबर क्लासमधल्या कुणालाही दिसताहेत, आधी ते बंद करा. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, तिचे आभार मानले आणि कुठे बोलू नकोस म्हणाले.

ती बोललीच नाही. पण बारडोलीच्या एका घराने मंडळाला विचारलं, भाऊ नोकरीला नाही म्हणतो आणि वेबसाइटवर हो कसं? मंडळाने सरांना धारेवर धरलं. सरांनी सांगितलं, एका विद्यार्थिनीने वेबसाइट हॅक केली.

हेमराजला क्लासवर बोलावणं आलं. त्याच्यादेखत सर म्हणाले, मुलीवर विश्वास टाकला, तिने ही परतफेड केली.

“सर, दार तुम्ही उघडं ठेवलं होतं,” हर्षदा म्हणाली. “मी सांगितलं तेव्हा तुम्ही आभार मानलेत.”

हेमराजने सरांचे दोन्ही हात धरून माफी मागितली. हर्षदाला त्याच दिवशी क्लासमधून काढलं आणि मंडळाने तिचं नावही काढून टाकलं. मुलगी कॉम्प्युटरवरून लोकांच्या घरात शिरते, असं समाजात पसरायला वेळ लागला नाही.

हेमराजने मग ओळखीतून एक स्थळ आणलं. या वेळी तिला सांगून, साडी नेसवून. मुलाच्या काकांनी सहज विचारलं, ते कॉम्प्युटरचं अजून चालू आहे का?

“नाही, सोडलं तिने,” हेमराज म्हणाला.

हर्षदाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

“मी सोडलं नाही. मला काढलं. का काढलं ते ह्याला विचारा.”

पाहुणे चहा न पिताच उठले. हेमराज त्यांना बसपर्यंत सोडायला गेला. धुरपदाबाईने गार झालेला चहा कपाकपाने पुन्हा पातेल्यात ओतला, गरम केला आणि पोरीपुढे न ठेवता स्वतःच भिंतीकडे तोंड करून पीत बसली.

आता हर्षदा कापड मार्केटमधल्या एका पार्सल ऑफिसात बिलं टाइप करते. हेमराज अजून तिच्याशी बोलत नाही. तिच्या लग्नाचं तर घरात कुणी नावच काढत नाही. हेच तर हवं होतं तुला, असं आई एकदा म्हणाली. हर्षदाला हे नको होतं, पण काय हवं होतं ते तिला त्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.