निमंत्रकाचं नाव

शरफुन्निसाचं म्हणणं सरळ होतं. नात अदिबाच्या लग्नपत्रिकेवर निमंत्रक म्हणून नाव जाईल ते जमालुद्दीनचं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून काय झालं? या नऊ वर्षांत घरातला प्रत्येक निकाह, बाळाच्या जन्मानंतरचा प्रत्येक अकीका 'मरहूम जमालुद्दीन' याच नावानं पार पडला होता. त्या नावाआड बसून घर हाकलं ते तिनं. नाव बदललं की गावच्या जमातीत पहिला मान कुणाचा, हे कुणीतरी विचारणारच.

मुलगा यूनुस या वेळी अडून बसला होता. "अम्मी, मुलगी माझी, निमंत्रण माझं. मयत माणूस दावत कशी देईल?"

"तुझ्यापेक्षा बरी देतील. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही."

रत्नागिरीच्या छापखान्याला शनिवारी मजकूर हवा होता. गुरुवारी सुट्टी, त्यात दम्मामच्या म्युझियममध्ये तो कुटुंबांसाठी राखलेला वार. हे घर सौदीत, अल-खोबरला; तिथल्याच शाळेत इतिहास शिकवणाऱ्या अदिबानं रुसलेल्या दोघांना गाडीत घालून तिकडे नेलं.

काचेआड चांदीची नाणी मांडली होती. एका बाजूला डोक्यावर सिंहाचं कातडं ओढलेला जवान, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला देव.

"हा सिकंदर," यूनुस म्हणाला.

"नाही अब्बू, हा हेराक्लिस, त्यांचा वीर. पण नाणं सिकंदराचं. तो मेला, सरदार राज्यासाठी भांडले, तरी कित्येक वर्षं त्याच्याच नावानं नाणी पाडत राहिले. त्या नावाशिवाय ह्यांना मानणार कोण?"

शरफुन्निसानं मुलाकडे पाहिलं. "ऐकलंस? शिकलेली पोर सांगतेय."

"पुढचं ऐक ना दादी. मग एकेकानं धीर केला. आपला चेहरा घातला, आपलं नाव घातलं आणि राजा म्हणवून घेतलं."

आता यूनुस गालात हसला. म्हातारीनं तिकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यातल्या एका ओबडधोबड नाण्यावर काचेवरूनच बोट ठेवलं. "हे कुणी पाडलं? घाईत केल्यासारखं दिसतंय."

"हे इकडचं, अरबांचं. चित्र सिकंदराच्या नाण्यावरून उचललेलं, पण नाव अबिएल. अमक्याची मुलगी, असं लिहिलंय. म्हणून काही जाणकार म्हणतात, ही राणी असावी."

"बाई?"

"बाई."

शरफुन्निसा इतकी वाकली की काचेवर तिचा श्वास उमटला. पहारेकरी खाकरला. ती हलली नाही. तिसरीत शाळा सुटली तिची. पासपोर्ट आणि रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव कुठं छापून आलं नव्हतं. आणि ज्यांच्या नावाचा दरारा ती गावभर मिरवत होती, ते हयात असताना बाजारातून सुरमई आणायची तरी तिला विचारून आणत.

घरी पोचल्यावर ती चप्पल काढता काढता म्हणाली, "यूनुस, कॉम्प्युटर लाव. तुझ्या अब्बांचं नाव वर, बारीक अक्षरात. खाली निमंत्रक, शरफुन्निसा."

"आणि मी?"

"तू दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत कर. मी मेल्यावर घाल तुझं नाव, कोण अडवतंय?"

"जमात काय म्हणेल, अम्मी?"

"जे म्हणायचं ते माझ्या तोंडावर येऊन म्हणतील. बघू किती जण येतात."

यूनुसला हसू आवरेना. बापाच्या नावाशी त्याला झुंजता येत नव्हतं, आईशी निदान भांडता तरी येत होतं. त्यानं मजकूर टाइप केला. तिनं चष्मा चढवला, पडद्यावर बोट टेकवून आपलं नाव एकेक अक्षर लावत वाचलं, शेवटच्या 'सा'पर्यंत.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "शनिवारची वाट कशाला बघतोस? आत्ताच पाठव."