फाटकाबाहेरचे तात्या

एकोणीसशे शहाण्णवच्या अक्षय्यतृतीयेला महेश विधाते नाशिकच्या इंदिरानगरातल्या आपल्या नव्या सदनिकेत राहायला गेला. त्याचे वडील सावळीराम उंबरठ्यापर्यंत आले, बाहेरूनच आत पाहून भिंतींचा रंग बरा आहे म्हणाले आणि चपला न काढता मागे फिरून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. पाणी घेऊन आलेल्या सुनेला, साधनाला, त्यांनी ते परत न्यायला लावले. घर कोणाचे, असे त्यांनी विचारले. आपलेच, असे महेशने सांगितले. मग कागद कोणापाशी आहेत, हा त्यांचा पुढला प्रश्न होता. आणि कागद गृहकर्ज देणाऱ्या कंपनीकडे गहाण आहेत हे कळताच त्यांनी निकाल देऊन टाकला. घर फिटेपर्यंत त्या घरात अन्नपाणी घ्यायचे नाही.

ही घडीभराची लहर नव्हती. मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी एकदा पाणी उपसण्याचे इंजिन आणले होते. दुकानदाराचे दोनशे रुपये द्यायचे राहिले, म्हणून ते चार महिने गोणपाटाखाली झाकून ठेवले आणि झेंडूला मोटेने पाणी दिले. हमीची मुदत संपत आली तेव्हा दुकानदार स्वतः मळ्यात येऊन इंजिन चालू करण्याची विनवणी करून गेला. सावळीरामांनी त्याला गुळाचा चहा पाजला आणि इंजिन झाकलेलेच ठेवले. जे फिटले नाही ते वापरायचे नाही, हा त्यांचा नियम होता, आणि मुलाच्या घरासाठी त्याला अपवाद करण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते.

महेशची आई गोजराबाई मात्र हा नियम मानत नसे. ती दर रविवारी नवऱ्याबरोबर बसने येई, आत जाऊन पोटभर जेवी आणि बाहेर येऊन पायरीवर बसलेल्या नवऱ्याला काय काय केले होते याची सविस्तर हकिगत सांगे. सावळीराम ती शांतपणे ऐकत, मळ्यातून आणलेल्या भाजीची पिशवी सुनेच्या हाती देत आणि निघत.

महेश अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मोजून तपासण्याचे काम करी. केसभर फरकही त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि हीच दृष्टी त्याने दुर्दैवाने वडिलांच्या नियमाकडे वळवली. एका रविवारी तो घराच्या खरेदीच्या कराराची प्रत घेऊन पायरीवर आला. सहाशे दहा चौरस फुटांच्या क्षेत्रफळात जिन्याचा वाटा धरलेला आहे, त्या वाट्यावरही कर्ज आहे, अर्थात तात्या गेले वर्षभर गहाण जागेवरच बसत आहेत आणि नियम मोडलेलाच आहे, तेव्हा आत येऊन जेवायला हरकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात कोठेही फट नव्हती. सावळीरामांनी ते कलम पुन्हा एकदा वाचायला लावले. मग ते उठले, त्यांनी धोतर झटकले, चूक वेळेवर दाखवून दिल्याबद्दल मुलाला शाबासकी दिली आणि ते जिना उतरून गेले. पुढल्या रविवारपासून ते फाटकाबाहेर, गुलमोहराखालच्या दगडावर बसू लागले. ती जागा महानगरपालिकेची होती. महेशने तेही मनातल्या मनात तपासून पाहिले आणि या वेळी तो गप्प राहिला.

साधना मात्र गप्प राहिली नाही.

“वाद तुम्ही जिंकलात आणि मामांना दोन मजले खाली घालवलंत,” ती म्हणाली. “आता आणखी एखादं कलम शोधा, म्हणजे ते मखमलाबादहून निघणारच नाहीत.”

 महेशला एवढेच हवे होते की, वडिलांनी एकदा आपल्या घरात, आपल्या समोर बसून जेवावे. कर्ज पंधरा वर्षांचे होते. सावळीराम सत्तरी ओलांडून गेले होते. साधनाने बेरीज करून सांगितले, की हप्ते ठरल्याप्रमाणे भरले तर मामा आपल्याकडे पहिला घास पंच्याऐंशीव्या वर्षी घेतील. आणि तेवढ्यासाठी त्यांना जगायला लावणे हे फार झाले.

कर्ज एक लाख साठ हजारांचे, व्याज शेकडा पंधरा, हप्ता दोन हजार दोनशे ऐंशी. पहिल्या वर्षभरात सत्तावीस हजारांवर रक्कम भरली होती आणि मुद्दल उतरले होते तीन हजार तीनशे साठांनी. हा आकडा पाहून महेश हबकला, तर साधनाला उलट हुरूप आला. हप्त्यातून मुद्दल जर इतके थोडे उतरत असेल, तर हप्त्यावर वरून भरलेला एकेक रुपया सगळाच्या सगळा मुद्दलात जाईल, हे तिने ओळखले. तीन महिने त्यांनी दर महिन्याला थोडी जास्त रक्कम भरली. तेव्हा कार्यालयातल्या एका दयाळू बाईंनी सांगितले, की हिशेब वर्षातून एकदाच, एकतीस मार्चला होतो; मध्ये भरलेले पैसे तोपर्यंत नुसते पडून राहतात. त्या दिवसापासून वरची रक्कम टपाल कचेरीत साठू लागली आणि दर मार्चअखेर तिथून उचलून कर्जात जाऊ लागली.

ती साठवण्याची साधनाची रीत कडक होती. नुसता न केलेला खर्च तिला बचत वाटत नसे. महेश अंबडला सायकलने गेला, तर बसचे भाडे त्याच संध्याकाळी दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात पडले पाहिजे. कारखान्यातला दुसरा चहा त्याने टाळला, तर त्याचे पैसे डब्यात. ती स्वतः साड्यांना फॉल लावी, त्याची मजुरीही तिथेच. हिवाळ्याच्या शेवटी पिंपळगाव बसवंतला तिचा भाऊ ज्या द्राक्षांच्या शेडमध्ये कामाला होता, तिथले घडातून गळालेले मणी ती स्वस्तात आणी, गच्चीवर वाळवी आणि मनुका करून विकी. मनीषा, त्यांची मुलगी, हे सारे खेळ समजून करी. शाळेतून चालत आली की आपले आठ आणे स्वतः डब्यात टाकी आणि ते वाजले की नाही याची खात्री करून घेई.

सासऱ्यांच्या भाजीचाही हिशेब होई. भाजी फुकट आली म्हणजे बाजाराचा खर्च वाचला, म्हणून साधना तिचा दर ठरवून तेवढे पैसे डब्यात टाकी. ही गोष्ट गोजराबाईने बाहेर जाऊन सांगितली. सावळीरामांनी सुनेला फाटकाशी बोलावले.

“मेथीचे किती टाकले?”

“चार रुपये, मामा.”

“आज रविवार कारंज्याच्या बाजारात मेथी सहाला जात व्हती. माझ्या मेथीला लय नावं ठेवतेस व्हय गं?”

साधनाने आणखी दोन रुपये टाकले. त्यानंतर हा दर रविवारचा विधी झाला. सावळीराम दगडावर बसून बाजारभाव सांगत, साधना त्यांत घासाघीस करी, आणि भाव चढला की सुनेचे तोंड पडलेले पाहून त्यांना मोठे समाधान होई. पिशवीतली भाजी दिवसेंदिवस निवडक होत गेली. ज्या वर्षी कांदा आकाशाला भिडला, त्या वर्षी त्यांनी देवळ्याच्या व्याह्यांकडून, म्हणजे साधनाच्याच माहेरून, अर्धे पोते मागवले आणि पाव किलोगणिक भाव लावून पैसे डब्यात टाकायला लावले. इमारतीतले लोक या फाटकावरच्या लिलावाला खिडकीतून हसत. महेशला त्यात आपला पराभव दिसे; घरात पाऊल न टाकणारा माणूस त्या घराचे कर्ज मात्र पालेभाजीने फेडीत होता.

महेश एकदाच डगमगला. त्याचा सहकारी रंगनाथ याने स्कूटर घेतली होती आणि तो रोज शेजारून जाताना, सायकलीचे कर्ज कधी फिटणार, म्हणून विचारी. सन दोन हजारच्या मार्चमध्ये टपाल कचेरीत पंधरा हजार जमले, तेव्हा महेश स्कूटरचे रंगीत माहितीपत्रक घेऊन घरी आला. साधनाने ते पाहून परत दिले. करायचे ते करा, असेच तिच्या चेहऱ्यावर होते. त्या रविवारी सावळीराम प्रथमच काठी टेकत आले. दगडावर बसताना त्यांना दोन दमांत बसावे लागले आणि बसल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे वांग्यांचा भाव सांगितला. महेशने सोमवारी पंधरा हजार कर्जात भरले. रंगनाथाला त्याने एवढेच सांगितले, की सायकल रोखीने घेतलेली असल्यामुळे तिच्यावर बसायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

दोन हजार तीनच्या एकतीस मार्चला महेश आणि साधना शेवटचे तेवीस हजार पंचेचाळीस रुपये घेऊन कार्यालयात गेली. एक दिवस सोडून गुढीपाडवा होता आणि गोजराबाईने पुरणाची डाळ आधीच धाडून दिली होती. पैसे मोजून झाले. मग टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने मुदतीआधी कर्ज फेडल्याबद्दल दोन टक्के आकार, म्हणजे चारशे एकसष्ट रुपये, भरावा लागेल असे सांगितले.

महेशच्या पिशवीत कर्जाच्या कराराची प्रत होती. स्वतःच्या पैशाने फेडणाऱ्यास असा आकार नाही, हे कलम कोणत्या पानावर आहे हेही त्याला पाठ होते. त्याने ते पान उघडून दाखवले. अधिकाऱ्याने वाचले आणि तो सभ्यपणे म्हणाला, की तुमचे बरोबर असेल, पण मुंबईला विचारावे लागेल. पंधरा दिवस लागतील, कदाचित वीस.

सात वर्षे ज्याने आठ-आठ आणे साठवले, त्याच्या दृष्टीने चारशे एकसष्ट रुपये म्हणजे डब्यात वाजलेली नऊशेवर नाणी होती. त्यातून महेश बरोबर होता, आणि बरोबर असताना माघार घेतल्याचे त्याच्या आयुष्यात एकही उदाहरण नव्हते. त्याने तोंड उघडले. साधना त्याच्याकडे नव्हे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत होती. महेशने कराराची घडी घातली आणि खिशातून पाच शंभराच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

बाहेर आल्यावर साधनाने विचारले, “बोलला नाहीत ते?”

“बोलायचं काय? माझंच बरोबर होतं,” महेश म्हणाला.

गहाण ठेवलेले घराचे मूळ कागद कंपनीच्या नाशिकच्याच तिजोरीत असल्यामुळे ते त्याच संध्याकाळी हाती आले.

पाडव्याला सावळीराम पहाटेच फुलबाजारात गेले होते. झेंडू संपवून ते बाराच्या सुमारास आले आणि सवयीने दगडावर बसले. महेश कागद घेऊन खाली गेला. या वेळी त्याने काहीही वाचून दाखवले नाही. कागद नुसते पुढे केले. सावळीरामांनी शिक्का पाहिला, तारीख अक्षरे लावून वाचली, मागची बाजू उलटून पाहिली.

“काय ऱ्हायलं तर नाय ना?”

“नाही, तात्या.”

“साधनाचा तो डबा?”

“तोही रिकामा झाला.”

ते उठले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दोन मजले चढले. दाराशी त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि पाणी मागून घेऊन ते सगळे प्यायले. पाच पुरणपोळ्या त्यांनी खाल्ल्या. गोजराबाईला राहवेना. आपण सात वर्षे याच घरात जेवतो आहोत, आपल्याला कोठे काही झाले, असे तिने विचारले. तू एवढी जेवत होतीस म्हणूनच पिशवी मोठी आणावी लागे, असे सावळीरामांनी तिला ऐकवले. महेश त्यांच्या समोर बसला होता. त्याला तूप वाढायचे भान राहिले नाही, ते मनीषाने वाढले.

जेवण झाल्यावर ते घर पाहायला निघाले. मनीषाने त्यांना प्रत्येक दिवा लावून आणि विझवून दाखवला. त्यांनी भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिले, मोरीतला नळ सोडून पाण्याला जोर आहे म्हणून मान डोलावली, आणि मग बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, फरशीवर धोतराचा सोगा पसरून ते आडवे झाले. लगेच त्यांचे घोरणे सुरू झाले.

पाच वाजता मळ्यात वीज येई आणि तेव्हा पंप चालू करायला ते हजर असत. हा क्रम आजवर चुकला नव्हता. साडेचार झाले तशी साधना त्यांना उठवू लागली. गोजराबाईने तिचा हात धरला.

“झोपू दे. एक दिवस वांगी कोरडी ऱ्हायली तर काय होत नाय.”

सावळीराम साडेसहाला उठले. चहा घेऊन निघतो, असे ते म्हणाले. चहा झाला. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि रात्रीला काय करणार, असे सुनेला विचारले.