भिंगाखालची आळशी मावशी

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. पितळी कडं, लाकडी मूठ, कडेला एक टवका उडालेला. मलकापूरच्या सईदचाचांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात माझी निम्मी हयात गेली. पुढे दुकान बंद झालं आणि मी खणात धूळ खात पडलो. एकदा शकुंतलाबाई भेटायला आल्या, तेव्हा चाचांनी मला पुसून त्यांच्या हातात ठेवलं. "घेऊन जा बाई. तुमचे डोळे थकले, याचा नाही थकला."

शकुंतलाबाई मोताळ्याच्या निवृत्त शिक्षिका. मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहितात. सापांच्या पुस्तकासाठी त्यांनी माझ्यातून किती छायाचित्रं न्याहाळली! मला पुन्हा काम मिळालं.

बाईंची एक रीत होती. छापण्याआधी प्रत्येक पान त्या शेजारच्या शाळकरी श्रद्धाला वाचायला देत. तिला जिथे जांभई येईल, तो मजकूर काढून टाकत. 'डुरक्या घोणस' या बिनविषारी सापाच्या पानावर श्रद्धाने लांबलचक जांभई दिली.

"बाई, हे ठिपक्यायचं लय बोअर आहे."

विषारी घोणस आणि डुरक्या घोणस लांबून सारख्याच दिसतात. त्या ठिपक्यांवरून कशा ओळखायच्या, हे त्या परिच्छेदात होतं. बाईंनी तो खोडला आणि लिहिलं, 'डुरक्या घोणस म्हणजे शेतातली आळशी मावशी. जाड, मंद आणि बिनविषारी.' श्रद्धा खदखदून हसली.

कापूसवेचणीच्या दिवसांत एका दुपारी फोन वाजला. श्रद्धा शेतातून बोलत होती.

"बाई, तुमची आळशी मावशी आमच्या कपाशीत बसून राह्यली! उचलू काय?"

"हात नको लावू! आधी फोटो धाड."

फोटो येता येईना. आला, तेव्हा बाईंनी मला फोनवर धरलं. घाईत मी सारखा हलत होतो, सगळं धूसर दिसत होतं. सापाने वेटोळं घातलेलं, शेपूट खाली दडलेलं, त्यामुळे ते डुरक्यासारखं आखूड आहे की लांब, तेही कळेना. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी फक्त मोठं करून दाखवू शकतो. बाईंनी कोपर टेबलावर टेकवलं आणि चित्र स्थिर झालं. पाठीवर गडद काठाचे गोल ठिपके, साखळीच्या कड्यांसारखे, ओळीने. डुरक्या घोणशीचे ठिपके असे नसतात, वेडेवाकडे असतात.

"श्रद्धा, मागं सर! विषारी घोणस आहे ती!"

"काऊन भेव दाखवता बाई? मावशी तर नुसती..."

तेवढ्यात फोनमधून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. मग पळापळ. मग काहीच नाही.

"श्रद्धा! बोल बाई, बोल ना!" बाईंची मूठ माझ्यावर घट्ट आवळली होती.

शेवटी धापा टाकत आवाज आला. "शेताच्या कडेला, धुऱ्यावर आहे मी... नाही चावली."

त्या संध्याकाळी बाईंनी खोडलेला परिच्छेद पुन्हा लिहायला घेतला, पण जुन्यासारखा नाही. या वेळी सुरुवात श्रद्धाच्या फोनने झाली आणि ठिपके त्या फुत्काराच्या अगदी आधी आले. शेवटची ओळ होती, 'ओळखता आला, तरी कुठल्याच सापाला हात लावायचा नाही.'

श्रद्धाने पान वाचलं. जांभई आली नाही. "बाई," ती हळूच म्हणाली, "ठिपक्यायचं चित्र अजून मोठं टाका."

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसत जा. धूसर भिंग काही कामाचं नाही. आणि पुस्तकात एखादी खरी गोष्ट कंटाळवाणी वाटली, तर लिहिणाऱ्याला ती पुन्हा लिहायला सांगा. काढून टाकायला मात्र सांगू नका.