रिलीव्हर आल्याशिवाय

मी नेहरू नगरात डिजिटल मीडियाचा क्लास घेते, आन् सांगते बापा, माझ्यावानी चिडकी मास्तरीण साऱ्या भिलाईत सापडणार नाही. कावून चिडू नोको? सहा महिने घसा कोरडा करून पोट्ट्यांले एक काम शिकवावं, तेवढ्यात ते काम मशीनच करून मोकळी होते. मी सोता आधी पेपरात पानं लावत होती. ते गेलं. मंग वेबसाइट आली, मंग व्हिडिओ आले. तीन वेळा पाटी पुसली, म्हणून आता दुसऱ्यांले शिकवून राहिली.

गेल्या बॅचले मी व्हिडिओखालच्या ओळी टाइप कराले शिकवलं. कोर्स अर्धा नाही झाला तं मशीन आपोआप टाइप कराले लागली. चार पोट्टे क्लास सोडून गेले. करिष्मा राहिली. तिले म्हटलं, "टाइप करणं गेलं तं जाऊ दे. मशीनच्या चुका कोण पकडन? आता ते शीक." तिनं शिकून घेतलं. एखादी बाई छत्तीसगढी बोलली की मशीन काहीच्या बाही लिहिते, ते करिष्मा मिनटात दुरुस्त करे.

करिष्मा कोहक्याची. तिचे वडील मारोतराव इथल्या स्टील प्लांटात भट्टीवर होते, आता रिटायर आहेत. एक दिवस क्लासात आले. "जय भीम मॅडम. हे घरी बसून नौकरी, मले काही समजत नाही. तिच्यासाठी एका दुकानात जागा पाहून ठेवली हाय. तुम्ही म्हणता म्हणून थांबतो."

"काकाजी, नौकरी लागन. जबाबदारी माझी," मी छाती ठोकून म्हटलं. तोंड माझं पहिलेपासूनच मोठं.

मंग रायपूरच्या एका न्यूज पोर्टलनं तिले व्हिडिओतल्या मशीनच्या चुका पकडाले आठ दिवस ट्रायलवर घेतलं. काम घरूनच, सकाळी सहा ते दुपारी दोन. दोनले बिलासपूरची मृणाल नावाची पोरगी तेच काम पुढं घेणार. पहिले सात दिवस करिष्मासोबत एक सिनिअर होता, सुरू करणं, बंद करणं सारं तोच पाहे. आठव्या दिवशी पोट्टी एकटी.

त्या दिवशी पाच वाजता तिथल्या संपादकाचा, राजदीपचा फोन आला. "आम्रपाली मॅडम, आपकी स्टूडंटनं तीन घंटे आमचं काम बंद पाडलं. ट्रायल फेल समजा." आन् फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! मले काही विचारूच देलं नाही.

स्कूटी काढली आन् कोहका गाठलं. पोट्टी लॅपटॉपसमोर बसलेली, बाजूले झाकलेलं ताट, तोंड सुकून गेलेलं.

"अवो, दोनले सुट्टी झाली ना तुही? कावून बसून राहिली?"

"मॅडम, रिलीव्हरच नाही आला."

मी डोक्यालेच हात लावला. प्लांटात पुढच्या शिफ्टच्या माणसाले रिलीव्हर म्हणते. तो समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडाची नाही, भट्टीले मोकळं टाकून जाता येत नाही. भिलाईत घरोघरी लेकरांले हे दुधासोबत पाजते. पण पोर्टलवर उलटं. लॉगिन एकच, करिष्मा बाहेर निघन तवा मृणाल आत येईन. दोनच्या नंतरचे व्हिडिओ मृणालच्या नावावर, ते करिष्माले दिसेच ना. इकडे हे तिची वाट पाहून राहिली, तिकडे ते हिची. करिष्मानं आतल्या चॅटवर पाच वेळा विचारलं, "रिलीव्हर कब आएगा?" पण ते वाचाले मृणाल आत होतीच कुठं?

मले हसू आलं, आन् लगेच रडू. चुका पकडणं शिकवलं, नवं नवं सॉफ्टवेअर शिकवलं. जागेवरून उठाचं कसं, हे शिकवाचं माझ्या ध्यानातच नाही आलं.

मारोतराव दाराशी उभे होते. "मॅडम, चूक तिची नाही, माझी हाय. आज सकाळीच मी तिले बजावलं, रिलीव्हर आल्याबिगर उठू नोको." मंग हळूच म्हणाले, "तेहतीस वर्षांत मी कधी जागा मोकळी नाही सोडली. बाप वारल्याचा निरोप आला त्या दिवशीबी थांबलो. गावी पोचलो तं माती होऊन गेली होती."

मी तिथूनच राजदीपले फोन लावला आन् या खेपेले त्याले बोलू देलं नाही. "जे पोट्टी तीन घंटे उपाशी बसून तुमची जागा सांभाळते, ते कामचोर नाही ना जी? दोनले बाहेर पडाचं, हे तिले कोणी सांगितलं होतं? ना मी, ना तुम्ही. मले एक दिवस द्या."

तो म्हणाला, "कल एक दिन. दोनले काम पुढं गेलं तं ठेवतो. नाही तं विषय संपला."

दुसऱ्या दिवशी क्लासले सुट्टी देली आन् दीड वाजताच तिच्याजवळ जाऊन बसली. करिष्मानं शेवटचा व्हिडिओ संपवला, काय राहिलं ते मृणालसाठी तीन ओळींत लिहून ठेवलं, खाली आपला मोबाइल नंबरबी टाकला. दोन वाजले. पोट्टीचा हात माउसवरच.

"मॅडम, समोर कोणीच नाही ना," ते म्हणाली.

मी रागवाले तोंड उघडलं, पण मारोतराव आधी बोलले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊठ, बेटा. मी नाही उठलो तवा. तू ऊठ."

तिनं क्लिक केलं. पडदा कोरा झाला. करिष्मा खुर्ची सोडून बाजूले झाली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मारोतराव त्या रिकाम्या खुर्चीले धरून ताठ उभे, कोणी जागेवर नाही हे त्यांच्यानं पाहवत नव्हतं.

करिष्माचा मोबाइल वाजला. तिनं मोठ्यानं वाचलं, "मृणाल. आत आली. काम सुरू."

"पुन्यांदा वाच," मारोतराव म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं. तवा कुठं त्यांनी खुर्चीवरचा हात काढला.